पुस्तकातली दुसरी सीट

माझ्या आत्याच्या यजमानांची मोटारसायकल घरून निघताना कायदेशीर असायची, शर्यतीच्या मैदानात पोचली की बेकायदा व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा कायदेशीर होऊन भोरला परत यायची. ही सगळी जादू एका पान्याची. जादूगार ते, आणि मदतनीस आमची आत्या.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामा धुळीच्या मैदानांवर मोटारसायकल पळवायचे. त्या काळी शर्यतीची गाडी टेम्पोत घालून नेण्याची चैन कुणाला परवडत होती? गाडी स्वतःच्या चाकांवर जायची. आणि रस्त्यानं जायचं म्हटलं की शर्यतीची असो नाहीतर दूध घालायची, नियम सगळ्यांना सारखे. नोंदणी हवी, दिवा हवा, हॉर्न हवा, आरसा हवा, मडगार्ड हवं, नंबरप्लेट ठरल्या मापाची हवी. मैदानात उतरलं की याच सगळ्या वस्तू म्हणजे नुसतं ओझं. मग मामा एखाद्या बाभळीखाली गाडी लावायचे आणि एकेक भाग सोडवून आत्याच्या हाती द्यायचे. आत्या तो पोत्यात भरायची. मामा मैदानात धुरळा उडवत फिरायचे आणि देशाचा मोटार कायदा पोत्यात बांधून आत्याच्या शेजारी पडलेला असायचा. दिव्याची काच फुटेल म्हणून तेवढा दिवा तिच्या मांडीवर. त्याच्या वाटीत ती शेंगांची टरफलं टाकायची.

आता तुम्ही विचाराल, ती मैदानात पोचायची कशी? एसटीनं. नवरा पुढं वाऱ्यावर स्वार आणि बायको मागं लाल डब्यात उभी. कारण गाडीच्या नोंदणी पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: बैठक क्षमता, एक.

गाडी कंपनीतून आली तेव्हा दोन सीटचीच होती. मामांनी शर्यतीसाठी मागची सीट काढली, मागचे पाय ठेवायचे खुंट काढले, साडी गार्ड काढलं, आणि लग्नाआधीच्या उत्साहात पुस्तकातही दोनाचं एक करून घेतलं. रस्त्यावर रानडुकरासारखा सुटणारा हा माणूस कागदाच्या बाबतीत मात्र भलताच सोवळा होता. लग्नानंतर आत्याला पहिल्यांदा माहेरी, म्हणजे आमच्या विंझरला, आणायचं होतं. तेव्हा त्यांनी एकदाच सोवळं सोडलं. मागच्या निमुळत्या पत्र्यावर उशी बांधली, त्यावर नवी नवरी बसवली, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा दिला आणि निघाले. नसरापूरला पोलिसानं अडवलं. त्यानं पुस्तक उघडलं, वाचलं आणि नवरीला म्हणाला, "ताई, तुम्ही यात नाही."

आत्याला उतरावं लागलं. डब्यासकट. पुढचा रस्ता तिनं एसटीनं काटला आणि मामा मोटारसायकलवरून एसटीच्या खिडकीला समांतर, मान खाली घालून. हा प्रसंग आत्या करून दाखवायची तेव्हा पोलिसही तीच, मामाही तीच आणि एसटीचा घंटी मारणारा कंडक्टरही तीच. आम्ही हसून लोळायचो. शेवटी मात्र ती एक वाक्य जरा हळू म्हणायची. "फुडच्या कॅम्पाला दोन सीट करून घेतो, म्हनले व्हते."

आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा भोरला येतो. पण कधी त्याच दिवशी शर्यत असायची, कधी पैसे नसायचे, कधी मामांचा हात गळ्यात बांधलेला असायचा. संसार झाला, घरात सून आली, केस पांढरे झाले, शर्यती संपल्या, आणि एक दिवस मामाही गेले. गाडी आत्याच्या नावावर झाली. पुस्तकात सीट एकच राहिली.

त्यानंतर गाडी आत्याच्या पडवीत उभी होती. मामा शर्यतीच्या आधी मारुतीचा शेंदूर बोटानं गाडीच्या मानेला, म्हणजे हँडल जिथं सांगाड्याला जोडतात तिथं, टेकवायचे. ते गेल्यावर आत्यानं रीत सोडली नाही. दर शनिवारी मारुतीला जायची, तेल वाहायची आणि येताना बोटावर राहिलेला शेंदूर गाडीच्या मानेला पुसायची. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आम्ही ठेवली नाही.

परवाच्या उन्हाळ्यात आत्या आमच्या जत्रेला विंझरला आली. एसटीतून उतरली, पाणी प्याली आणि चप्पलसुद्धा न काढता जाहीर केलं, "मला त्या गाडीवर बसून माह्यारी यायचंय."

मी म्हणालो, "मग बस की. मी आणतो चालवत. मेस्त्रीकडनं इंजिन करून घेऊ."

"आन पुस्तकात?"

"आत्या, पुस्तक कोण बघतंय? आपल्या रस्त्यानं एका गाडीवर चौघं जातात, वर मांडीवर शेळी."

"शेळीला कुनी मधीच उतरवलं न्हाई," आत्या म्हणाली. "मला उतरवलंय."

मी भोरच्या एका ओळखीच्या एजंटाला गाठलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि शोकसभेतल्यासारखा आवाज काढला. "नोंदणीची मुदत संपून कैक वर्षं झाली. कॅम्पाला गाडी उभी करायची, साहेब तपासनार. पास झाली तर ठीक. नापास झाली तर भंगार. मग पुस्तकबी न्हाई, सीटबी न्हाई, गाडीबी न्हाई. जाऊ द्या की. आज्जींना रिक्षानं न्या."

मी हे आत्याच्या घरी जाऊन तिला सांगितलं. तिनं पडवीतल्या गाडीकडं बघितलं. गाडी अशीच ठेवली तर निदान गाडी राहणार होती.

"आन न्हाई नेली तर म्या काय करनार? शनवारचा शेंदूर लावत बसनार," ती म्हणाली. "त्यांनी कॅम्प चुकवला. म्या न्हाई चुकवनार."

दोन सीटसाठी काय काय लागतं ते एजंटानं बोटांवर मोजून दिलं होतं. मागची सीट, मागच्यानं धरायला दांडी, पाय ठेवायला खुंट, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं साडी गार्ड. दिवा, आरसा, मडगार्ड सगळं आत्याच्या पोत्यात जसंच्या तसं होतं. सीट मेस्त्रीनं बनवली. दांडी आणि खुंट मिळाले. साडी गार्ड मात्र कुठंच मिळेना. त्या मॉडेलच्या मापाचं आता बनत नाही. आत्याला आठवलं, मामांनी ते मार्गासनीच्या त्यांच्या शर्यतीतल्या दोस्ताला देऊन टाकलं होतं.

आम्ही विंझरच्या वाटेवरच्या मार्गासनीला गेलो. दोस्त नव्हता राहिला, त्याची बायको होती. आत्याच्याच वयाची, तिच्याहून दुप्पट आवाजाची. साडी गार्ड तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेलं होतं आणि त्याच्या प्रत्येक गजाला पळी, झारा, उलथनं, रवी, चिमटा अशी सगळी फौज टांगलेली होती. इतक्या वर्षांच्या फोडण्यांनी ते हळदीच्या रंगाचं झालं होतं.

"न्या की," ती म्हणाली. "पर माझ्या पळ्या कुठं टांगू? तुमच्या गाडीला?"

"टांग," आत्या म्हणाली. "आरटीओवाल्यानं ईचारलं तर सांगू, पंगतीची गाडी हाय."

"आक्का, तुझ्या गाडीचं साडी गार्ड माझ्या चुलीवर व्हतं म्हनून आजवर माझा पदर इस्तवात न्हाई गेला. आता गेला तर तुझ्या नावानं बोंब मारीन."

"मार. गाडीचा हॉर्न तसाबी बारीक हाय."

हे असं बराच वेळ चाललं. शेवटी मी तिला पळ्या टांगायला नवीन स्टँड आणून द्यायचं कबूल केलं. तरी तिनं एक अट घातलीच. "बसून जायचं ते हितनंच. मला दाखवून. आन एसटीतनं आलीस तर पानीबी न्हाई ईचारनार."

कॅम्पाचा दिवस उजाडला. आत्यानं इस्त्रीचं नऊवारी नेसलं. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही हा मामांचा सोवळेपणा तिच्यात पुरता उतरला होता, म्हणून गाडी टेम्पोत घालून विश्रामगृहाच्या आवारात आणली. जी चैन मामांना शर्यतीला परवडली नाही ती कायद्यासाठी परवडली. आवारात नवेकोरे ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन, लायसन काढायला आलेली कॉलेजातली पोरं. त्यांच्यामध्ये आमचं हे हळदीच्या साडी गार्डचं ध्यान. पोरांनी कोंडाळं केलं.

तपासायला आल्या त्या खाकीतल्या तरुण बाई. कपाळावर घाम, हातात पॅड, चेहऱ्यावर सकाळपासून सगळ्यांना एकच गोष्ट सांगितल्याचा वैताग. त्यांनी गाडी बघितली, आत्याकडं बघितलं आणि वैताग थोडा हलला.

"चालवणार कोण?"

"ह्यो माझा भाचा. म्या मागं बसनार."

बाईंनी साडी गार्ड हलवून बघितलं. "छान घट्ट आहे. आजी, तुम्ही नऊवारीत, काष्टा घालून. तुमची साडी तशी अडकणार नाही."

"मग ह्याची गरज न्हाई?"

"आहे. नियमात काष्ट्याला सूट नाही." त्यांनी सीटवर हात ठेवला. "बसून दाखवा बरं एकदा."

"न्हाई."

"अहो, तपासणीसाठी."

"पुस्तकात माझी जागा न्हाई. दोन लिवल्याबिगर म्या बसनार न्हाई. तुमीच बसा."

पोरं खिदळली. बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं आणि दोन्ही हातांनी सीट दाबून बघितली. मग हॉर्न. बॅटरीचं वजन नको म्हणून मामांनी रबरी भोंपू बसवला होता, तो मी दाबला. विश्रामगृहाच्या झाडावरचे कावळे उडाले. इंडिकेटर नव्हतेच. मी मनात म्हणालो, झालं, भंगार. पण बाईंनी मोबाईल काढून काहीतरी वाचलं आणि म्हणाल्या, "गाडी बनली तेव्हा भोंपू चालत होता. हातानं इशारा केलेलाही चालत होता. जी गाडी ज्या काळातली, तिला तेव्हाचेच नियम."

"मॅडम," आत्या म्हणाली, "हे माझ्या सुनंला जरा कागदावर लिहून देता का?"

आता आवारात कुणी गंभीर उरलं नव्हतं. बाई म्हणाल्या की कंपनीनंच दोन सीटची काढलेली गाडी तुम्ही पुन्हा मूळ रूपात आणली आहे, तेव्हा दोन लिहायला माझी हरकत नाही. आत्यानं माझा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली. "फक्त चॅसी नंबरचा ठसा घेऊ," बाई म्हणाल्या.

चॅसी नंबर म्हणजे सांगाड्यावर कोरलेला गाडीचा जन्माचा नंबर. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात, की आकडे उमटतात. ते पुस्तकाशी जुळले तर गाडी तीच. आमच्या गाडीला हा नंबर मानेवर कोरलेला होता.

बाई वाकल्या. सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. "हे काय आहे?"

मानेवर भाकरीएवढा जाड शेंदूर होता. शनिवारचा शनिवारवर चढत गेलेला, तेलानं मळलेला, गोल, घट्ट, लालभडक. मी दर खेपेला बघत होतो. मेस्त्री बघत होता. गाडी पुसली, घासली, रंगवली, पण त्या जागेला कुणीही फडकं लावलं नव्हतं. आपल्याकडं शेंदूर दिसला की हात आपोआप थांबतो. आम्ही गाडीचा नंबर देवात जमा करून टाकला होता.

"खरवडा," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज खाली आला.

कोंडाळ्यातला एक म्हातारा पुढं झाला. "शेंदूर खरवडायचा नसतोय मॅडम. खोळ आपसूक पडाया लागती." मारुतीच्या अंगावर शेंदूर फार चढला की एक दिवस त्याचं कवच सुटून पडतं, त्याला खोळ म्हणतात. ती माणसानं उचकटायची नाही.

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी हळूच बूट मागं घेतला होता, ते मी पाहिलं. "पण नंबर दिसल्याशिवाय मला सही करता येणार नाही. आणि आज नंबर दिसला नाही असं मी लिहिलं, तर पुढं गाडीची चौकशी लागेल. खरवडताना आकडा खराब झाला, तर खाडाखोड केली असं धरतील."

एजंट माझ्या कानाशी आला. "म्हनलं नव्हतं? रिक्षानं न्या."

मी आत्याकडं बघितलं. ती घाबरली असेल असं मला वाटलं होतं. ती गाडीच्या मानेवर तळहात ठेवून उभी होती. उन्हानं शेंदूर तापून तेल सुटलं होतं.

"मॅडम, तुमी इंजिन तपासलं का?"

"अजून नाही."

"मग तपासा की. ते बी नियमात असंल." माझ्याकडं वळली. "चालू कर. आन हळू न्हाई. ते करायचे तशी रेस कर. मैदानात उभी असल्यागत."

मेस्त्रीनं इंजिन केल्यापासून ती गाडी कधी जोरात केलीच नव्हती. मी किक मारली. नाही. पुन्हा मारली. गाडीनं धुराचा एक खोकला काढला. तिसऱ्या की चौथ्या किकला ती पेटली, आणि मी अॅक्सिलरेटरचा कान पिळला. काय सांगू! दिवा थरथरला, आरसा थरथरला, हळदीचं साडी गार्ड वाजायला लागलं, माझे दात वाजायला लागले. अशी गाडी मामा कशी सांभाळत असतील देव जाणे. आत्या मानेखाली पदर पसरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. मारुतीशी बोलत होती की मामांशी, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

आणि खोळ सुटली. कडेनं आधी केसाएवढी फट दिसली, मग ती सगळीच्या सगळी, एका तुकड्यात, आत्याच्या पदरात पडली.

"पडली! आपसूक पडली!" म्हातारा ओरडला आणि पोरांनी जो जल्लोष केला तो शर्यतीतही कधी झाला नसेल. मी इंजिन बंद केलं. मानेवरचं लोखंड नव्यासारखं चमकत होतं. सगळी गाडी जागोजागी गंजली होती, पण तेलाशेंदरानं तेवढी जागा जपली होती. बाईंनी कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि एकेक आकडा असा स्पष्ट उमटला की त्यांनी तो मोठ्यानं वाचला. आत्यानं पदरातली खोळ उलटी केली. तिच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर होता, उलटा, उठावाचा.

"हे घेऊ का फायलीला?" बाईंनी गमतीनं विचारलं.

"न्हाई वं. तुमाला सुलटा दिलाय. उलटा माझा."

आता नोंदणीचं पुस्तक नसतं, कार्ड येतं. पोस्टमननं ते दिलं त्या दिवशी आत्यानं मला फोन करून भोरला बोलावलं. कार्डावर सगळं इंग्रजीत. तिनं मला दोनाच्या आकड्यावर बोट ठेवायला लावलं आणि ते बोट बराच वेळ काढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पदरावर हेल्मेट, मांडीवर लाडवांचा डबा. आत्या एक पाय पलीकडं टाकून ऐटीत बसली. कापूरहोळ गेलं, हायवे लागला, आणि मागून सारखी चौकशी. "पोलिस दिसतोय का?" दिसत नव्हता. मी खूश होत होतो आणि ती खट्टू. नसरापूरला एका टपरीवर एक पोलिस चहा पीत बसला होता. आमच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं.

"थांबव," आत्या म्हणाली.

मी त्याच्यासमोर गाडी उभी केली. आत्यानं ब्लाउजातून कार्ड काढलं आणि त्याच्या चहापुढं धरलं. "बघा."

तो बिचारा गडबडला. "काय झालं आजी?"

"किती सीट हायेत?"

"दोन."

"जोरात."

"दोन, आजी!"

"मग म्या बसून जाऊ?"

"जावा की. कोण नको म्हणतंय?"

"आता कुनी न्हाई," आत्या म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून हात पुढं घालून भोंपू दाबला.

मार्गासनीला ती बाई दारातच होती, हातात पळी, मागं भिंतीवर माझा नवा स्टँड. तिनं आधी साडी गार्ड बघितलं, मग आत्याला. "बसलीस म्हनायची! उतर, च्या ठेवलाय."

"म्या न्हाई उतरनार," आत्या म्हणाली. "हितंच आन."

चहा अंगणात आला. आत्यानं तो गाडीवर बसूनच प्यायला, बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश. दोघींच्या गप्पा लांबल्या. पुढं मी दोन्ही पाय जमिनीला रोवून, सगळा तोल सांभाळत उभा, आणि माझ्या कपाची आठवण कुणालाच नव्हती.